जाणूनबुजून

१८९७ साली पुण्यात प्लेगची मोहीम झाली. घरोघर झडत्या झाल्या, आजाऱ्यांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना छावणीत नेले, अंथरुणे-पांघरुणे जाळली, जमिनी उकरून भिंतींना चुना फासला. या मोहिमेचा अहवाल प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी तयार केला होता. त्यात कमिटीने एका गोष्टीबद्दल मोठे समाधान नोंदवले आहे. कुणा स्त्रीच्या अब्रूला जाणूनबुजून धक्का लावल्याची विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे किंवा सैनिकांवरच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, अशा आशयाचे ते विधान आहे. ते सावकाश वाचायला हवे. तक्रार द्यायची ती ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याकडेच, आणि ती विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणारेही तेच. त्यातही मध्ये 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. अब्रूला धक्का लागला का, हे अहवाल विचारत नाही. तो लावायचा इरादा होता का, एवढेच विचारतो आणि नव्हता असे उत्तरही स्वतःच देतो.

माणसाची पारख हेतूवरून करावी की कृतीवरून, हा वाद हवेत केला तर दोन्ही बाजूंना वाटेल तेवढी सुभाषिते सापडतात. म्हणून तो या एका वर्षाच्या जमिनीवर करावा असे मला वाटते. १८९७ साली महाराष्ट्रात या वादाचे सगळे साक्षीदार एकत्र आले होते: रँड, टिळक, चापेकर, गोखले, सावित्रीबाई, आणि मुंबईत लस बनवणारा एक परदेशी शास्त्रज्ञ. वाद दोघांच्या तोंडी घालतो. एक वकील आहेत, हेतूची बाजू घेणारे. दुसऱ्या डॉक्टर आहेत, कृतीची बाजू घेणाऱ्या. ही दोन माणसे मी योजलेली आहेत. ती ज्यांच्याबद्दल बोलतात ती माणसे मात्र होऊन गेलेली आहेत.

वकील म्हणतात, "डॉक्टरबाई, मी त्या शब्दाच्या बाजूने बोलणार आहे. 'जाणूनबुजून' ही पळवाट नाही, फौजदारी कायद्याचा कणा आहे. माणूस मेला. मारणाऱ्याला मारायचेच होते, तर खून. गाडी हाकताना त्याचे लक्ष नव्हते, तर निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू. शवविच्छेदनाच्या टेबलावर दोन्ही देह सारखेच दिसतील. फरक आहे तो करणाऱ्याच्या मनात, आणि एकाला फाशी तर दुसऱ्याला काही वर्षांची कैद, ही तफावत त्या फरकामुळेच. तो काढून टाका, म्हणजे अपघात आणि अपराध एका पंक्तीला बसतील. आता रँडकडे बघा. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकाशिओ व्हिएगस या गोव्याच्या हडफड्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात आला. यर्सिनने १८९४ साली हाँगकाँगला जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कुणालाच माहीत नव्हते. उंदरावरच्या पिसवा हा रोग पसरवतात हे पॉल-लुई सिमोंने कराचीत दाखवले ते १८९८मध्ये, आणि शास्त्रज्ञांनी ते मान्य करायला आणखी कित्येक वर्षे गेली. तेव्हा रोग घराच्या घाणीत, जमिनीत, कपड्यांत आहे असे धरूनच रँड चालला, आणि त्या काळचे बहुतेक जाणकारही तसेच धरून चालले होते. त्याला यातून पैसा मिळवायचा नव्हता. एक शहर मरत होते, ते थांबवायचे होते. सिमों नंतर आला म्हणून रँडला आधीच दोषी धरणे हा कुठला न्याय?"

डॉक्टरबाई म्हणतात, "पिसवांबद्दल मी रँडला दोष देणारच नाही, वकीलसाहेब. तुम्ही मला नको ते औषध देताय. प्लेगची गाठ कुठे येते? जांघेत, काखेत, मानेशी. गाठ बघायची तर कपडे बाजूला करावे लागतात. ही तपासणी मोहिमेचा गाभा होती आणि ती अनोळखी पुरुषांनी, त्यातही गोऱ्या सोजिरांनी, उघड्यावर केल्याच्या तक्रारी त्या वेळच्या वर्तमानपत्रांत ठिकठिकाणी आहेत. देवघरात बूट घेऊन शिरले, चीजवस्तू विनाकारण जाळल्या, धडधाकट माणसांना छावणीत नेले, हेही आहे. पंडिता रमाबाईंचे सरकारशी किंवा सनातन्यांशी काही लागेबांधे नव्हते, पण प्लेगच्या इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल त्यांनीही उघडपणे लिहिले. पिसू १८९८ साली सापडली असेल. बाईमाणसाला आडोसा लागतो, हे १८९७ साली पुण्यातल्या कुठल्याही वाड्यात विचारले असते तरी कळले असते. जे माहीत होणे शक्य नव्हते त्याची माफी मी देते. जे विचारले असते तर कळले असते आणि विचारलेच नाही, त्याची माफी कशी देऊ? आणि ते विचारण्याजोगे आहे असे वाटले नाही, यातच त्या मनाची मोजदाद होत नाही का?"

इथे डॉक्टरबाईंनी एक तुलना पुढे केली आणि माझ्या मते सगळ्या वादातला तो सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, झडत्या पुरत्या जोरात यायच्या आधी, पुण्याजवळ हडपसरला ससाण्यांच्या माळावर सावित्रीबाई फुल्यांचे पुत्र यशवंतराव यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ उघडले होते. सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. आता कृती म्हणून पाहा. रोग्याला घरातून उचलायचे आणि वेगळ्या जागी न्यायचे. रँडची मोहीमही हेच करत होती. शास्त्रही दोघांचे एकच, त्या काळचे अर्धवट शास्त्र. हेतूही कागदावर एकच, साथ थांबवणे आणि रोगी वाचवणे. तरी हडपसरला जे घडत होते आणि पुण्याच्या पेठांत जे घडणार होते, त्यात अंतर पडले. ते अंतर घोषित हेतूत सापडत नाही आणि 'रोगी हलवला' या नुसत्या नोंदीतही सापडत नाही. आजाऱ्याला पाठीवर घेताना त्याचा श्वास मानेला लागतो, तेवढ्या जवळून ते बघावे लागते.

वकील म्हणतात, "म्हणजे तुम्ही शेवटी मनावरच आलात. सावित्रीबाईंची काळजी आणि सोजिरांची बेफिकिरी हा मनाचाच फरक झाला. तुमच्या तोंडून हे ऐकायला मला बरे वाटते, कारण नुसत्या परिणामावर जोखायचे ठरवले तर तुमच्याच धंद्यातला एक मोठा माणूस हकनाक बळी जातो, आणि तो तसा गेलाही. वाल्डेमार हाफकिन. ओडेसाहून आलेला. मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे ती लाखो लोकांना टोचली गेली. मग ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबात मल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली, त्यातल्या एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. मोहीम थांबली, चौकशी बसली, आणि कित्येक वर्षे हा माणूस संशयाच्या सावलीत राहिला. तुमच्या तराजूत १९ प्रेते आहेत. हाफकिनच्या पारड्यात काय घालाल, त्याचा हेतू सोडून?"

डॉक्टरबाई म्हणतात, "हेतू नाही घालणार. चिमटा घालीन. मल्कोवालला बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला, हे साक्षीत आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली मुंबईहूनच दूषित होऊन आली असती, तर उघडताना तिला वास यायला हवा होता, तसा वास आला नाही, हेही पुढे आले. शास्त्रज्ञांनी ते पुरावे पुन्हा तपासले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समधून जाहीरपणे बाजू मांडली, तेव्हा कुठे हाफकिनवरचा डाग पुसला गेला. त्याला 'माझे मन स्वच्छ होते' या वाक्याने सोडवले नाही. बाटली, बूच, चिमटा, वास, तारीख आणि वेळ यांनी सोडवले. म्हणजे कृतीच अधिक बारकाईने बघितली, इतकेच. आणि हाफकिन सुटला म्हणून त्या १९ घरांतली माणसे परत आली नाहीत. त्यांच्या मृत्यूचे उत्तर कुणीतरी देणे लागत होतेच. दोष कुणाला द्यायचा हा एक प्रश्न, आणि नुकसान कुणी भरून द्यायचे हा दुसरा. तुमचा कायदा हे दोन प्रश्न वेगळे ठेवतो. कारभारात मात्र पहिल्याचे उत्तर 'कुणालाच नाही' आले की दुसराही मिटला असे समजतात, आणि माझी तक्रार आहे ती इथे."

या टप्प्यावर मला स्वतःचे मत स्पष्ट सांगायला हवे, कारण दोघांच्याही हातात त्याचा एकेक तुकडा आला आहे. हेतू आणि कृती ही दोन वेगळी खाती नाहीत. दुसऱ्याचा हेतू आपल्याला कधीच थेट दिसत नाही. तो वाचायचा तर त्याने घेतलेल्या काळजीवरून वाचावा लागतो, आणि आपल्या हातून नुकसान झाल्याचे त्याला कळल्यावर त्याने काय केले यावरून. हे माझे शोधलेले तत्त्व नाही, आपल्या कायद्यात ते १८६०पासून लिहिलेले आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ५२ने सद्भावनेची व्याख्या उलट्या बाजूने केली: योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणता येत नाही. दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेनेही ही व्याख्या पुढे चालवली आहे. या व्याख्येत 'मन चांगले होते' एवढे पुरत नाही. मन चांगले होते हे दाखवायला काळजी घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो.

पण त्याच आपल्या कायद्यात दुसरीही व्याख्या आहे, आणि ती नेमकी मार्च १८९७ची आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतो की गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल तर ती सद्भावनेने केली असे मानावे, मग ती निष्काळजीपणे केलेली असो वा नसो. या दोन व्याख्यांमध्ये जे अंतर आहे तेच आपल्या वकिलांत आणि डॉक्टरबाईंत आहे. आणि त्याच्याच महिनाभर आधी, फेब्रुवारी १८९७मध्ये, एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट मंजूर झाला होता. अवघ्या चार कलमांचा कायदा. दुसऱ्या कलमाने सरकारला साथ थांबवण्यासाठी वाटेल ते उपाय करण्याचे अधिकार दिले, तिसऱ्याने हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली, आणि चौथ्याने या कायद्याखाली सद्भावनेने काही करणाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही असे ठरवले. झडतीत ज्याचे घर उकरले, त्याला कोर्टाची पायरी चढण्याआधीच अंमलदाराच्या मनाचा किल्ला सर करावा लागणार होता.

वकील म्हणतात, "हे चौथे कलम नसते तर साथीत कुणी अधिकारी हात तरी लावला असता का? प्रत्येक कुलपामागे एक खटला असेल, तर कुलूप कोण उघडणार? पण ते असो. मला तुमच्या मताची दुसरीच भीती वाटते. कृतीवरून हेतू वाचायचा म्हणता, पण वाचणारा कोण? त्याच वर्षाचे उदाहरण देतो. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ३ जुलैला तो मेला. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली, १५ जूनच्या केसरीतल्या मजकुराबद्दल. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी, निकालही सहा विरुद्ध तीन, शिक्षा अठरा महिने. स्ट्रेचींनी ज्युरीला सांगितले की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, आणि लेखाने प्रत्यक्ष काही घडले की नाही हे बघायची गरज नाही, लेखकाने ती भावना चेतवण्याचा प्रयत्न केला का, एवढेच बघा. घ्या. छापलेल्या मजकुरावरून त्यांनी हेतू वाचला आणि माणूस तुरुंगात घातला. तुमची पद्धत ती हीच."

वकिलांचा हा आक्षेप खरोखरच भारी आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पण तो नीट पाहिला तर माझ्याच बाजूचा आहे. एकाच सरकारने एकाच वर्षी दोन मापे वापरली. रँडच्या बाबतीत परिणाम बाजूला ठेवले आणि हेतू चांगला धरला. टिळकांच्या बाबतीतही परिणाम बाजूला ठेवले आणि हेतू वाईट धरला. दोन्हीकडे प्रत्यक्ष कुणाचे काय बिघडले हे विचारायचे टाळले, आणि दोन्हीकडे हेतू सांगण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. हेतूवर सगळे तोलायचे ठरवले की सत्ता ज्याच्याकडे, त्याच्या मनातली शुद्धता गृहीत धरली जाते आणि जो हाताखाली आहे त्याच्या मनातला काळोखही गृहीत धरला जातो. टिळकांनी साथीत काय केले, हे कोणीही मोजू शकेल असे होते. शहरातली ऐपतीची माणसे बाहेर पडत असताना ते पुण्यात राहिले, हिंदू प्लेग हॉस्पिटल उभारायला हातभार लावला, छावणीतल्यांना अन्न मिळेल अशी व्यवस्था केली. त्यांच्या मनात काय होते हे वाचायला केसरीतल्या लेखनाइतकाच हाही मजकूर उपलब्ध होता.

डॉक्टरबाई म्हणतात, "मग आपल्याही माणसांना हेच माप लावा. तिथे तुमचा हात थरथरतो का ते मला बघायचे आहे. अफझलखानाच्या वधाबद्दल टिळकांनी त्याच जूनमध्ये शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात जे सांगितले, त्याचा आशय असा होता की लोकहितासाठी, स्वार्थाशिवाय केलेल्या कृत्याचा दोष लागत नाही. पुढे १९१५च्या गीतारहस्यातही कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ, हाच त्यांचा सिद्धान्त आहे. आता गणेशखिंडीत या. रँडच्या मागे दुसरी एक बग्गी होती, त्यात लेफ्टनंट आयर्स्ट आणि त्याची बायको. आयर्स्टचा प्लेगच्या झडत्यांशी काडीचा संबंध नव्हता. बाळकृष्ण चापेकरांनी त्याला गोळी घातली आणि तो बायकोच्या शेजारी मेला. चापेकर बंधूंनी प्राण दिले, घरातला एकामागून एक भाऊ फासावर गेला. त्यांच्या देशभक्तीबद्दल मला शंका नाही. पण आयर्स्टच्या बायकोला त्यांची देशभक्ती सांगून तुम्ही काय सिद्ध कराल? पुण्यातल्या बायकांना रँडचा कर्तव्यभाव सांगून जे सिद्ध झाले असते, तेवढेच ना?"

वकिलांना यावर लगेच बोलता आले नाही. मलाही हे लिहिताना सोपे जात नाही, कारण चापेकरांची नावे आपल्याकडे आदराने घेतली जातात आणि ती तशीच घ्यावीत असे मला वाटते. पण आदर एका ठिकाणी आणि हिशेब दुसऱ्या ठिकाणी असू शकतो. रँडने पुण्यावर जे लादले, त्याने चापेकरांच्या हाती पिस्तूल आले, हे खरे कारण आहे आणि ते इतिहासाने लिहिले पाहिजे. आयर्स्ट निरपराध होता, हेही खरे आहे आणि तेही लिहिले पाहिजे. आपल्या माणसाचा हेतू सांगायचा आणि परक्याची कृती दाखवायची, ही सवय इंग्रजांची होती तशीच आपलीही आहे. घरातसुद्धा हेच चालते. आपले पोर कुणाला लागेलसे बोलले तर 'त्याच्या मनात तसे काही नसते हो', आणि शेजारच्याचे बोलले तर 'बघा, वळण कसे आहे ते'. या सवयीला एकच उतारा आहे, दोघांनाही तेच प्रश्न विचारणे. काळजी घेतलीत का? चूक कळल्यावर काय केलेत?

दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत कठीण उत्तर त्या वर्षी दिले ते गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या मँचेस्टर गार्डियनला सांगितले की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने पुढे जीव दिला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे पाठवणाऱ्यांपैकी कुणी पुढे येऊन बोलायला तयार होईना. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत, आणि गव्हर्नरची व सैनिकांची विनाअट माफी मागितली. महाराष्ट्रात त्यांच्यावर भित्रेपणाचा शिक्का बसला. तो राग आणि ती अवहेलना त्यांना पुढे दीर्घकाळ भोगावी लागली.

इथे वकील आणि डॉक्टरबाई यांच्या बाजू अदलाबदल होतात आणि मला ते स्वाभाविक वाटते. वकील म्हणतात, "हेतू उत्तम असूनही शहानिशा न करता आरोप केला, ही गोखल्यांची चूकच. तुमच्या काळजीच्या कसोटीवर ते नापास आहेत." डॉक्टरबाई म्हणतात, "चूक खरी. पण ती त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली, ज्यांनी विश्वासाने पत्रे लिहिली त्यांच्यावर ढकलली नाही. आणि पुरावा मिळाला नाही म्हणजे घडले नाही, असे मी मानत नाही. ज्या समाजात अत्याचार झालेल्या बाईलाच घराची दारे बंद होतात, तिथे कोर्टात उभी राहायला कोण येणार होते? रँडच्या अहवालातली ती 'एकही विश्वासार्ह तक्रार नाही' ही ओळ त्या बंद दारांवरच उभी आहे." दोघांचेही बरोबर आहे. मला त्यातून एवढे दिसते की ज्याने आपले शब्द चुकीचे ठरल्यावर किंमत मोजून ते मागे घेतले, त्याचा हेतू शुद्ध होता यावर मी विश्वास ठेवू शकतो. रँडची कमिटी त्याच परीक्षेत नापास होते. तक्रारी गल्लोगल्ली होत्या, वर्तमानपत्रांत छापून येत होत्या, आणि कमिटीने त्यांतून घेतले काय, तर समाधान.

वकिलांचा मघाचा प्रश्न अजून उभा आहे: असा हिशेब मागू लागलो तर साथीत कुणी काम करील का? याचे उत्तर पुढच्या काही वर्षांत सरकारनेच दिले. मुंबईत जातीजमातींना आपापली इस्पितळे चालवू दिली. तिथेही मार्च १८९८मध्ये मदनपुऱ्यात तपासणीवरून दंगा झाला, म्हणजे सगळे सुरळीत होते असे नाही. पण हळूहळू सक्तीच्या झडत्या मागे पडल्या, लस ज्याला हवी त्याला द्यायची असे ठरले, गावे तात्पुरती सोडून मोकळ्यावर राहायला लोक आपण होऊन तयार झाले. माणसांना विचारून काम करता येते हे कळायला एवढी किंमत मोजावी लागली. काळजी मागितल्याने साथीचे काम थांबले नाही. साथीचे काम अडले ते सक्तीने, कारण सक्तीच्या भीतीने लोक आजारी माणसे लपवू लागले होते.

हा वाद १८९७मध्ये संपलेला नाही. मार्च २०२०मध्ये कोविड आला तेव्हा महाराष्ट्रासह देशभरात तोच एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट लागू करण्यात आला. त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांना, बायकापोरांसकट, रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक रसायनाची फवारणी केली गेली. डोळे चुरचुरत असलेली मुले त्या चित्रफितीत दिसतात. फवारायला सांगितले होते बसवर, पण अति उत्साहात ते माणसांवर झाले, असा खुलासा जिल्हा प्रशासनाने केला. मन वाईट नव्हते, हे मी मान्य करतो. बसवर फवारण्याचे औषध आणि माणसावर फवारण्याचे औषध यांतला फरक विचारायला कुणी थांबले नाही, हे मान्य केल्यावर त्या मनाबद्दल आणखी काय सांगायचे उरते?

चौथे कलम आजही कायद्यात आहे. २०२०मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी, आणि ती हवीच होती. सद्भावनेच्या संरक्षणाला मात्र हात लागला नाही. पुढची साथ येईल तेव्हा कुणी अधिकारी, कुणी संस्थाचालक, कुणी आपलाच माणूस आपल्याला सांगेल की आमचा हेतू स्वच्छ होता. त्याचे म्हणणे खोटे धरू नका. त्याच्याकडे तक्रारींची वही मागा. कोणत्या तारखेला कुणी काय सांगितले आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही काय बदलले, एवढे वाचून दाखवा म्हणा.